तुम्ही विचारलंत म्हणून: न दिसणाऱ्याचं माप

"गुरुजी, जे डोयानं दिसतच नाही, त्याची लांबी-रुंदी कशी काय मोजली जी?"

शाळेत होतो तेव्हा पोरं विचारायची, आता वावराशेजारचे विचारतात. रब्बीत रात्रीची लाईन आली की आम्ही दोघं-तिघं गव्हाच्या धुऱ्यावर जागे असतो आणि मी हौमियाचा विषय काढतोच.

हौमिया हा नेपच्यूनच्या पल्याडचा बटुग्रह. हवाई बेटांवरच्या बाळंतपणाच्या देवीचं हे नाव त्याला २००८ साली मिळालं. सूर्याभोवती एका फेऱ्याला त्याला सुमारे २८५ वर्षं लागतात, पण स्वतःभोवती तो चार तासांत फिरतो. रात्री बाराला आलेली लाईन सकाळी आठला जाईपर्यंत तिथले दोन दिवस उलटतात. इतक्या वेगानं फिरल्यामुळं तो गोल राहिलाच नाही, अंड्यासारखा लांबट झाला.

आता मापाचं. आमच्या धुऱ्यावरून फाट्याचा रस्ता दिसतो, मधे एक गोठा आहे. अंधारात गोठा दिसत नाही. फाट्याकडून मोटरसायकल आली की तिचा दिवा सरकत येतो, एका जागी गप्पकन विझतो आणि थोड्या वेळानं पुन्हा लागतो. गाडीचा वेग ठाऊक असेल तर दिवा किती वेळ दिसला नाही त्यावरून गोठ्याची लांबी काढता येते. गोठा न पाहता! आकाशात सरकतो तो गोठा आणि दिवा जागेवर असतो, एवढाच फरक. तो दिवा म्हणजे दूरचा तारा. याला पिधान म्हणतात.

२१ जानेवारी २०१७ ला हौमिया एका अंधुक ताऱ्यापुढून गेला. आपल्याकडे तेव्हा उजाडलं होतं, युरोपात रात्र होती. एकट्यानं बघून भागत नाही. प्रत्येक ठिकाणाहून त्या अंड्याचा वेगळाच काप ताऱ्यापुढून जातो. म्हणून दहा ठिकाणच्या बारा दुर्बिणी त्या एकाच ताऱ्याकडे लावलेल्या होत्या. सगळ्यांच्या वेळा जुळवल्यावर कळलं की हौमियाची लांबी निदान २,३०० किलोमीटर आहे, म्हणजे प्लूटोच्या व्यासाच्या जवळपास.

पण मला सगळ्यात भावतं ते पुढचं. तारा झाकला जायच्या जरा आधी एकदा आणि उघडल्यावर जरा वेळानं पुन्हा एकदा, क्षणभर मंदावला होता. मोटरसायकलचा दिवा गोठ्याच्या अलीकडं आणि पलीकडं असाच लुकलुकला, तर आपण काय म्हणू? गोठ्याला कुंपण आहे. हौमियालाही कुंपण निघालं: सुमारे ७० किलोमीटर रुंदीचं कडं. नेपच्यूनच्या पलीकडच्या पिंडाभोवती सापडलेलं हे पहिलंच. हौमिया तीनदा फिरतो तेवढ्यात कड्यातले कण त्याच्याभोवती एक फेरा घालतात.

हे सांगताना दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो. एवढ्याशा मंदावण्यावर कुणाचं तरी लक्ष होतं.

जानेवारीच्या अखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास पूर्वेला स्वाती उगवते, नारिंगी आणि ठसठशीत. हौमिया सध्या तिच्याच शेजारी आहे. मोटर सुरू करून आलो की मी सगळ्यांना टॉर्च विझवायला सांगतो आणि स्वातीच्या जरा उजवीकडं, खालच्या अंगाला बोट दाखवतो. दिसत काही नाही. तरी सगळे बघतात, पाणी सरीच्या टोकाला पोचेपर्यंत.