फ्लॅनेल आधी धुवायचं का? तुम्ही विचारलंत म्हणून

"गोधडीसाठी आणलेलं फ्लॅनेल कापायच्या आधी धुवायलाच हवं का?" असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘नाही’ ऐकायचं असतं. मी ‘हो’ म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "पण साधं सुती कापड मी कधीच धूत नाही, काही बिघडत नाही." नसेल बिघडत. साधं सुती दोन-तीन टक्के आटतं. फ्लॅनेल पाच टक्के सहज आटतं, विरळ विणीचं त्याहून जास्त. याचं मूळ त्या मऊ लवेत आहे. लव काढता यावी म्हणून आडवा धागा कमी पिळाचा घेतात, वीण सैल ठेवतात आणि मग तारांच्या ब्रशने तंतू खरवडून वर काढतात. शिवाय गिरणीत कापड उभ्या अंगाने ताणलं गेलेलं असतं. पाणी लागलं की तो ताण सुटतो. म्हणून बहुधा पन्ह्यापेक्षा लांबीच जास्त जाते.

टक्के सांगून कुणाला काही वाटत नाही, म्हणून एका गोधडीबद्दल सांगते. दुरुस्तीला आलेली, ६० इंच चौरस. वर धुतलेल्या सुती कापडाचे तुकडे, मध्ये पॉलिएस्टरचं बॅटिंग म्हणजे भरावाचा थर, पाठीला न धुतलेलं फ्लॅनेल, क्विल्टिंगच्या म्हणजे तिन्ही थर जोडणाऱ्या शिवणीच्या ओळी आठ-आठ इंचांवर. हात इतका सफाईचा की एकही कोपरा चुकलेला नव्हता. पहिल्याच धुण्यात, गरम पाणी आणि मग ड्रायर, पाठ लांबीत साडेतीन इंच आटली. वरचा थर आधीच आटून बसलेला, पॉलिएस्टर आटतच नाही. मग ते साडेतीन इंच जाणार कुठे? दोन ओळींच्या मध्ये. प्रत्येक घरात जवळजवळ अर्धा इंच कापड जास्तीचं होऊन फुगलं, कडा पाठीकडे वळल्या, गोटाला चुण्या पडल्या. पन्हा कमी आटला, त्यामुळे चौरसही चौरस राहिला नाही. सगळ्यात वाईट अवस्था पाठीच्या मधल्या जोडाची. तिथे माया, म्हणजे शिवणीपलीकडे कडेला सोडलेलं कापड, होती पाव इंच. ताण बसल्यावर टाका तुटला नाही, दोराही तुटला नाही, सैल विणीचे धागेच सरकून शिवणीतून निसटले आणि बोटभर भोक पडलं. इस्त्रीने यातलं काही बसत नाही. ओलं करून, ताणून, पिना लावून वाळवलं तर दिसायला बरं दिसतं, पण पुढच्या धुण्यापर्यंतच. उपाय एकच: गोट काढा, सगळं क्विल्टिंग उसवा, पाठ बदला. आणि उसवायचं ते वरच्या बाजूने, कारण लवेत बुडालेला टाका डोळ्यांना दिसत नाही, नखाने चाचपावा लागतो.

धुणं मात्र अर्ध्या तासाचं काम. (वाळवणं सोडून, हे मान्य.) फ्लॅनेल घेतानाच दहा टक्के जास्त घ्या. कापलेल्या कडांना आधी झिगझॅग मारा, नाहीतर धागे सुटून मशीनमध्ये त्यांचा गुंता होतो. तयार गोधडी ज्या पाण्यात धुणार, त्याच पाण्यात हेही धुवा. गार पाण्यात आटवून ठेवलेलं कापड पुढे गरम पाण्यात पुन्हा आटतं. सॉफ्टनर नको, तंतूंवर थर बसून कापड पाणी शोषेनासं होतं. ड्रायरची जाळी मध्येच एकदा साफ करा, पहिल्या खेपेला लव फार निघते. किंचित दमट असतानाच इस्त्री, तीही दाबून, ओढून नाही. धुतलेलं फ्लॅनेल लुळं पडतं आणि कापताना तिरकं सरकतं, ही तुमची तक्रार खरी आहे. त्यावर खळ. शिवताना माया अर्धा इंच, सुई ९०/१४, टाका तीन मिलिमीटरच्या आसपास, शिवण उघडून दाबलेली, आणि दर बॉबिनला खालचा कचरा झाडलेला.

पूर्वी मी एवढ्यावर थांबायचे: फ्लॅनेल आहे, धुवा, विषय संपला. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, मग तयार कापून मिळणाऱ्या पाच इंची चौकोनांचं काय? ते धुतले तर चौकोन उरतच नाहीत. ज्या गोधडीत शिवणी मुद्दाम वर ठेवून त्यांची झालर करतात, तिथे कडा विसकटायलाच हव्यात, मग आधी कशाला धुवायचं? आणि वर-खाली एकाच ताग्याचं फ्लॅनेल, मध्ये सुती बॅटिंग, दोन-तीन इंचांवर ओळी असतील, तर सगळं मिळून आटतं आणि सुरकुतलेलं छान दिसतं. म्हणजे गोम नुसत्या आटण्यात नाही, एक थर आटतो आणि दुसरा नाही, यात आहे.

तरी मी धुवाच म्हणते, कारण दोन ताग्यांचं फ्लॅनेल सारखंच आटेल याचा भरवसा नाही. शंका असेल तर ३० सेंटिमीटरच्या तुकड्यावर न पुसल्या जाणाऱ्या शाईने २० सेंटिमीटरचा चौकोन आखा, धुवा, वाळवा, मोजा. १९ भरला तर पाच टक्के. दोन कापडांत दोन टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर मी न धुता शिवणार नाही.

दोनदा धुवा म्हणणाऱ्यांशी मात्र माझा वाद अजून चालू आहे. दुसऱ्या धुण्यातही थोडं आटतं, हे त्यांचं खरं. पण प्रत्येक धुण्यात लव झडते आणि गोळे धरू लागते, आणि फ्लॅनेल घेतलं होतं ते त्या लवेसाठीच.