गुणसूत्रांची तपासणी
पंचविशी उलटली तरी मला पाळी आली नाही आणि परभणीतल्या आमच्या घरात त्यावर काढे, उपास व शेवटी मौन एवढेच उपाय झाले. सोनोग्राफीत गर्भाशय दिसले नाही, तेव्हा माझे शरीर आंतरलिंगी (जन्मतः स्त्री वा पुरुष अशा ठरावीक साच्यात न बसणारे) असेल का, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या व रचना) आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांत जास्त असणारे संप्रेरक (हार्मोन) तपासायला सांगितले. गुणसूत्रे ४६,एक्सएक्स, म्हणजे सहसा स्त्रियांत असतात तशी, निघाली तर गर्भाशय जन्मतःच घडले नसावे. मात्र ४६,एक्सवाय, म्हणजे सहसा पुरुषांत असतात तशी, निघाली आणि टेस्टोस्टेरॉन पुरुषांइतके असले, तर शरीर त्या संप्रेरकाला प्रतिसादच देत नसावे. काखेतले केस याच संप्रेरकाच्या प्रतिसादाने येतात; माझ्या काखेत ते जवळजवळ नसल्याने मला दुसरी शक्यता अधिक वाटते. आईला लग्नाची चिंता आहे (ती तिने करावी). मला आधी, त्या दुसऱ्या शक्यतेत असू शकतात तशी, पोटात वृषणे आहेत का, हे कळायला हवे, कारण त्यांत पुढे गाठ होण्याचा धोका असतो.