कुंडीतला वाफसा

कुंडी भरायला बसलं की हात आपोआप खडीकडे जातो. तळाला चार बोटं खडी, त्यावर विटांचे तुकडे, मग माती. हे कुणी मुद्दाम शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतं. "निचरा चांगला होतो" हे कारणही तोंडपाठ असतं, आणि ते इतकं पटण्यासारखं आहे की ते चूक आहे हे पटवून द्यायला एक स्पंज लागतो.

भांडी घासायचा नवा, लांबट स्पंज बादलीत बुडवून पुरता भिजवावा आणि अलगद उचलून आडवा धरावा. टपटप गळेल, मग थेंब थांबेल. आता दाबायचं नाही, नुसता उभा करायचा. गळती पुन्हा सुरू! स्पंज तोच, छिद्रं तीच, वाढली ती फक्त उंची. ही दुसरी गळती थांबली की वरच्या टोकाला बोट लावून बघावं, ते नुसतं ओलसर असतं. खालच्या टोकाला मात्र पाणी अजून तुडुंब भरलेलं असतं.

कुंडीत हेच होतं. पाणी घालून झालं, भोकातून वाहून झालं, तरी तळाशी काही सेंटीमीटरांचा एक पट्टा चिंबच राहतो. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्या केशाकर्षणानं पाणी धरून ठेवतात. वरच्या भागात गुरुत्वाकर्षण त्यांच्याकडून थोडंफार पाणी काढून घेतं, तळाशी त्याचं काही चालत नाही. हा पट्टा किती उंच, ते मिश्रणाचे कण किती बारीक यावर ठरतं. कुंडीची उंची किंवा भोकांची संख्या यांना तो जुमानत नाही.

खडी घातल्यानं तो जातही नाही, फक्त वर सरकतो. बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरची माती काठोकाठ भिजेपर्यंत ते सीमेवरच थबकतं. समजा, पट्टा 6 सेंटीमीटरचा आहे. मातीची उंची 30 सेंटीमीटर असेल तर पाचवा हिस्सा चिंब. तिथेच 10 सेंटीमीटर खडी घातली की माती उरते 20, आणि चिंब भाग होतो जवळजवळ तिसरा हिस्सा. बुटक्या, पसरट कुंड्यांची गत याहून वाईट: 15 सेंटीमीटर मातीत तोच पट्टा 40 टक्के जागा खातो. दिसायला देखण्या अशा त्या उथळ परड्यांत झाडं का कुजतात, याचं उत्तर या गणितात आहे.

शेतकऱ्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: वाफसा. जमिनीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, अशी स्थिती. मूठभर माती दाबली तर लाडू वळतो, पण बोटानं टिचकी मारली की फुटतो. शेतात पाऊस थांबला की वाफसा आपोआप येतो, कारण तिथल्या मातीखाली आणखी माती असते आणि पाणी खोल उतरत राहतं. कुंडीतल्या मातीचा तळ वीतभरावर येतो. त्यामुळे शेतातली उत्तम माती कुंडीत भरली की चार-सहा महिन्यांत तिची वीट होते. रोजच्या पाण्यानं तिचे रवाळ कण फुटतात, पोकळ्या बुजतात.

मुळं पाण्यानं मरत नाहीत, हवेवाचून मरतात. प्राणवायू पाण्यातून पसरतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट हळू. मुळं गुदमरली की त्यांना पाणी ओढता येत नाही आणि पानं माना टाकतात. अगदी तहानेनं टाकतात तशीच. मग आपण कळवळून आणखी एक तांब्या ओततो. बुडणाऱ्याला पाणी पाजण्याचा हा प्रकार. ओतण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघायला पाच सेकंद लागतात.

तेव्हा निचरा तळाशी करायचा नसतो, तो मिश्रणातच असावा लागतो. बहुतेक झाडांना चालेल असं प्रमाण मापानं, वजनानं नव्हे: 4 भाग भिजवून फुलवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 3 भाग पुरतं कुजलेलं चाळलेलं खत, 3 भाग भरड काहीतरी. भरड म्हणजे पर्लाइट (तापवून फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा 2 ते 5 मिलिमीटरचे खडे. गिलाव्याची बारीक वाळू इथे उपयोगाची नाही. तिचे कण मोठ्या कणांमधल्या फटींत जाऊन बसतात आणि होती ती हवाही घालवतात. चिकणमातीत मूठभर वाळू मिसळून ती मोकळी होत नाही, उलट आणखी घट्ट होते.

मिश्रण जमलं की नाही हे मोजता येतं, आणि ते फारच कमी लोक मोजतात. कुंडीइतक्याच उंचीचा एक डबा घ्यायचा (उंची का, ते स्पंजनं सांगितलंच आहे). तळाला भोकं पाडून ती चिकटपट्टीनं बंद करायची. डब्यात मोजून 5 लिटर पाणी ओतायचं, पातळीवर खूण करायची, पाणी काढून टाकायचं. आता खुणेपर्यंत ओलसर मिश्रण भरायचं, डबा दोनदा आपटायचा, खाली बसलं तेवढं पुन्हा भरायचं. मग सावकाश पाणी घालत जायचं, पृष्ठभाग चकाकेपर्यंत. तासभर थांबून, शोषलं गेलं तेवढं पुन्हा घालायचं. शेवटी घमेल्यावर धरून पट्टी काढायची आणि अर्धा तास निथळू द्यायचं. घमेल्यात 750 मिलिलिटर आलं तर तेवढी जागा आता हवेनं घेतली, म्हणजे 15 टक्के. 10 च्या खाली आलं तर भरड वाढवावं. 15 ते 20 झकास. 25 च्या वर गेलं तर ऑर्किड खूश. बाकीच्यांना कडक उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी द्यायची तयारी ठेवावी.

उलटं दुखणंही असतं. कोकोपीट किंवा पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) खडखडीत वाळलं की आकसतं आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटतं. शिवाय पीट तर पाण्याला अंगाला लावूनच घेत नाही. ओतलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ तळाला, भोकातून बाहेर. आपण समाधानानं म्हणतो, झालं पाणी! आतला गोळा कोरडा ठणठणीत. अशी कुंडी उचलली की संशयास्पद हलकी लागते. ती टबात काठाखाली दोन बोटांपर्यंत बुडवून ठेवावी. आधी भसाभस बुडबुडे येतात, मग एकेक, अर्ध्या तासानं थांबतात. मग बाहेर काढून निथळू द्यावी. उचलता न येणाऱ्या कुंडीला दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं तीन वेळा थोडंथोडं पाणी द्यावं.

भोकं अर्थातच हवीत, पण एकच मधोमध नको. 30 सेंटीमीटरच्या प्लास्टिकच्या कुंडीला करंगळीएवढी चार-पाच पुरतात, त्यातली दोन भिंतीवर, तळालगत. माती वाहू नये म्हणून जाळीचा तुकडा. खालच्या ताटलीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्यावं, नाहीतर तळाचा पट्टा तेच पुन्हा वर ओढतो. पाणी फुगवून धरणारे जेलचे दाणे खताच्या क्षारांत निम्मेही फुगत नाहीत. त्या पैशात पर्लाइट घ्यावं. वर दोन बोटं पालापाचोळा पसरला तर ओल त्याहून स्वस्तात टिकते.

खत कुजत जातं तशी माती दरवर्षी दोन-तीन बोटं खाली बसते. तिच्यावर नवं मिश्रण ओतून वरचा भाग नवा दिसतो, तळ जुनाच राहतो. दोन वर्षांनी कुंडी आडवी करून गोळा अख्खा बाहेर काढावा. वरची मुळं पांढरी, टणक. तळाच्या पट्ट्यातली तपकिरी, आंबूस वासाची. चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. त्याखाली चिखलानं बरबटलेली खडी आणि विटांचे तुकडे. ते धुऊन घ्यावेत. त्यातले तीन सारख्या उंचीचे तुकडे कुंडीखाली ठेवले की भोकं जमिनीला चिकटत नाहीत, आणि तीन पायांवर कुंडी डुगडुगतही नाही.