पुराची ओल समजून सोडून दिलेली भिंत

आमचं घर सांगलीत, गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली तेव्हा खालच्या मजल्यात छातीइतकं पाणी होतं, २०२१ ला परत आलं. त्यामुळे न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीला खार फुटला, पोपडे सुटले, तरी सगळे म्हणायचे, पुराची ओल आहे, वाळेल. दोन उन्हाळे गेले, दोनदा रंग झाला. बाकीच्या भिंती खडखडीत वाळल्या, ही एकच वाळेना.

सासूबाईंनी एकदा दाराच्या चौकटीवरची गढूळ रेघ दाखवली. "अगं, पाणी इथवर होतं. डाग बघ कुठाय." डाग रेघेच्या हातभर वर होता.

त्या रात्री सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत काठी बुडवली, पाण्याला खूण केली. सकाळी पाणी चार बोटं उतरलेलं. साठेक लिटर, एका रात्रीत! दुसऱ्या रात्री गीझरकडे जाणारा कॉक बंद ठेवला, तर पाणी खुणेवरच. म्हणजे गळती गरम पाण्याच्या लाइनला.

पण लाइन भिंतीतून कुठून गेलीय? घर १९८८ चं, बांधणारे मिस्त्री आता नाहीत. पहिला प्लंबर म्हणाला, अख्खी भिंत फोडू. मी नको म्हटलं. मग वयस्कर प्लंबरमामा आले. त्यांच्याकडे लोखंड शोधायचं यंत्र होतं. आमचा पाइप जुना जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, सापडायला हवा होता, पण कॉलमच्या सळ्यांपाशी ते जागोजाग वाजायला लागलं. (प्लास्टिकचा सीपीव्हीसी पाइप तर त्याला कळतच नाही.) मामा म्हणाले, "वैनी, उद्या पाटंचं येतो. भिंत गार पायजे. गीझर तापवून ठेवा."

जानेवारी होता. साडेसहाला बेसिनचा गरम नळ बारीक सोडला. दहा मिनिटं काहीच कळेना. मग मामा पालथ्या हाताने भिंत चाचपत निघाले, मागून मी खडूने खुणा करत. पाइप सरळ उभा उतरला असेल असं धरून चाललो होतो. खुणा मात्र गीझरपासून तिरप्या खाली येत होत्या. एके जागी, कपाटामागे, ऊब ताटलीएवढी पसरलेली. मामा थांबले.

त्याच भिंतीत वायरिंग आहे, म्हणून आधी मेन स्विच बंद केला, मग छिन्नी. दीड फूट गिलावा निघाला. जोडाच्या आट्यांपाशी पाइप गंजून पापुद्रे सुटलेले, आणि सुईच्या टोकाएवढं भोक. बोट ठेवलं की थांबायचं, काढलं की केसाएवढी कोमट धार. एवढ्याशा भोकाने आमची भिंत खाल्ली होती. मी कितीतरी वेळ बघत बसले.

तुकडा बदलला. भिंत दोन दिवस उघडीच ठेवून काठीची खूण परत तपासली, मगच गिलावा. त्याआधी टेप लावून फोटो काढले, जमिनीपासून किती, चौकटीपासून किती. ते फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत.