३१ मार्च आणि चुन्याचा कोबा

कंपनीची माणसं आली तेव्हा गाडीत पाटी तयारच होती. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. वर कंपनीचं बोधचिन्ह, खाली ‘जतन व सुशोभीकरण’, त्याखाली पालकमंत्र्यांचं नाव आणि लोकार्पणाची तारीख, २८ मार्च. काम तोवर निम्म्यावरही आलं नव्हतं.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातली जुनी वेस. राज्य संरक्षित स्मारक. संवर्धन वास्तुविशारद म्हणून दुरुस्तीची देखरेख माझ्याकडे होती. गावाचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही, दोघांशीही माझं अजून बरं चाललंय. परवानगी पुरातत्त्व खात्याची, पैसा कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीचा. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ मुळे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, आणि त्या कामांच्या यादीत ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्तीही बसते. बसते खरी, पण शाळा, दवाखाने, शौचालयं यांच्यामागे तिचा नंबर लागतो. त्यामुळे आमच्या दारात कुणी पैसे घेऊन आलं की आधी चहा सांगायचा, अटींचं नंतर बघायचं.

त्या दिवशी अट चहाच्या आधी आली. पाटी कमानीच्या माथ्यावर, चावीच्या दगडाच्या, म्हणजे कमान धरून ठेवणाऱ्या मधल्या दगडाच्या, बरोबर वर लावायची होती. सोबत ड्रिल मशीन होतं आणि ते चालवणारा मुलगाही. मॅनेजरसाहेब घाईत होते.

आमचे गवंडी, ज्यांना साइटवर सगळे मामा म्हणतात, परांचीवरून हे ऐकत होते. त्यांनी हातोडी उलटी धरली आणि दांड्याने एकेक दगड ठोकत गेले. ठण, ठण, ठण. चौथ्यावर भद्द. तो पुन्हा ठोकून दाखवला.

“आत चुना राह्यला नाही, साहेब. पार पोकळ आहे. इथं मशीन लावायचं तर लावा. मी खाली उतरतो, कमानीखाली तुम्ही उभे ऱ्हा.”

साहेब दोन पावलं मागे सरकले. मग म्हणाले, “बरं, ड्रिल नको, केमिकलने चिकटवू.”

संरक्षित स्मारकाला खात्याच्या परवानगीशिवाय खिळाही ठोकता येत नाही आणि चिकटवताही येत नाही, हे मी सांगितलं. देणाऱ्याचं नाव लागण्याला माझा विरोध नाही. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावरही देणगीदाराचं नाव असतं. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरला तर देणगीदाराच्या आईचंच नाव आहे. प्रेमचंद रायचंद यांनी टॉवरला पैसे दिले, १८७८ मध्ये तो पूर्ण झाला आणि अलीकडे त्याची डागडुजी टीसीएसच्या पैशातून झाली. नाव लावा ना. फक्त ज्या दगडावर कमान उभी आहे त्याला भोकं पाडून नको.

एवढ्यात वेशीशेजारच्या पानटपरीवाल्याने मला बाजूला बोलावलं. “मॅडम, खरं सांगा. वेस विकली का?” हा प्रश्न गावात आधीपासून फिरत होता. २०१८ मध्ये दालमिया भारत या कंपनीने दिल्लीचा लाल किल्ला ‘दत्तक’ घेतला, पाच वर्षांसाठी २५ कोटी, तेव्हा देशभर हेच विचारलं जात होतं. खरं तर त्या करारात दिवे, पाणी, शौचालयं, माहितीफलक अशा सोयीसुविधांची कामं होती. किल्ला सरकारचाच राहिला, जतनही पुरातत्त्व सर्वेक्षणाकडेच राहिलं. हे मी टपरीवाल्याला समजावलं. त्याचं पूर्ण समाधान झालं नाही. भलीमोठी पाटी गाडीतून उतरताना त्याने पाहिली होती, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

मॅनेजरसाहेबांना मी वर चला म्हटलं. जिना अरुंद आणि अंधारा, पण आले. सोबत कंपनीचा सीएसआर बघणारा तिशीतला अधिकारीही होता, जो तोवर एक शब्द बोलला नव्हता.

वेशीचं खरं दुखणं वर होतं. कधीतरी कुणी तरी जुन्या चुन्याच्या कोब्यावर, म्हणजे गच्चीवर ठोकून बसवलेल्या थरावर, सिमेंटचा थर ओतून ठेवला होता. त्याला तडे गेले. पन्हळीत माती साचून तोंड बुजलं. पावसाचं पाणी तड्यांतून आत शिरायचं आणि सिमेंटखाली कोंडून राहायचं. बाहेरून भिंत घडीव काळ्या दगडाची, पण आत भराव डबर आणि चुन्याचा, आणि तो चुना वर्षानुवर्षं पाण्याबरोबर धुपून चालला होता. मामांना खाली ऐकू आलेलं भद्द ते हेच. दरजांत, दगडांमधल्या सांध्यांत, पिंपळ रुजलेले. ते ओढून काढता येत नाहीत, मुळांबरोबर दगड हलतो. वरून छाटायचे आणि मुळं मारून टाकायची.

सिमेंट खरवडून नवा कोबा घालणं चालू होतं. विटांचे तुकडे, भिजवलेला चुना, सुरखी म्हणजे विटांची भुकटी. त्यावर गुळाचं आणि बेलफळाचं पाणी शिंपडत सात-आठ बाया ओळीने बसून लाकडी थापीने ठोकत होत्या. बेलाचा वास गच्चीभर. साहेबांनी विचारलं, अजून किती दिवस?

“थापी उसळली की झालं,” एक बाई म्हणाली.

“आणि ती कधी उसळणार?”

“ते तिलाच इचारा.”

ती थट्टा करत नव्हती. कोबा ओला असताना थापी मऊ बसते. ठोकून ठोकून तो घट्ट झाला की थापी हाताला उसळी देते, तेव्हा थांबायचं. मग गोणपाट घालून ओलं ठेवायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो. मार्चच्या उन्हात घाईने वाळला तर चिरतो आणि सगळा खर्च मातीत.

आता पेच असा की अंदाजपत्रकात रोषणाईला कोब्याच्या दुप्पट रक्कम होती. फोटोत दिवे येतात, पन्हळ येत नाही. साहेब म्हणाले, “मॅडम, तुमचं पटतंय. पण ३१ मार्चनंतर पैसे लॅप्स होतील.”

तेव्हा तो गप्प अधिकारी पहिल्यांदा बोलला. “सर, होणार नाहीत.” २०२१ पासून नियम बदललाय, चालू प्रकल्पाचे न खर्चलेले पैसे वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचे आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायचे. प्रकल्प आधी एका वर्षाचा धरला असला तरी संचालक मंडळ सबळ कारण देऊन मुदत वाढवू शकतं. मला हे ढोबळ माहीत होतं, पण मी सांगणं वेगळं आणि त्याने, त्याच्याच साहेबांसमोर, त्या उन्हात सांगणं वेगळं. साहेबांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, “सबळ कारण लिहून द्या.”

ते मी त्याच दुपारी टपरीच्या बाकावर बसून लिहिलं. कंपनीच्या संचालकांना चुना कसा धरतो, थापी का उसळावी लागते, मार्चमध्ये गोणपाट का लागतं, हे दोन पानांत. एवढं मन लावून मी माझा प्रबंधही लिहिला नव्हता. मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बेलफळाचं घाला की त्यात.” घातलं.

मुदतवाढ मिळाली. रोषणाईतले काही पैसे पन्हळी आणि दरजांकडे वळले, सगळे नाहीत. दिवे लागलेच, आणि जरा जास्तच झगझगीत आहेत असं माझं मत आहे. पाटी वेशीपासून हटून रस्त्याकडेच्या वेगळ्या चौथऱ्यावर बसली, तारखेवर पितळी पट्टी चिकटवून. लोकार्पण मे महिन्यात झालं, पालकमंत्री आलेच नाहीत.

अडलं ते देखभालीपाशी. दर पावसाळ्यानंतर कुणी तरी वर चढून पन्हळ साफ करायची, पिंपळाची रोपं कोवळी असताना उपटायची. खर्च अगदी किरकोळ, पण दरवर्षीचा, आणि त्याचं लोकार्पण होत नाही. कंपनीच्या धोरणात असा आवर्ती खर्च बसत नाही, असं उत्तर आलं. त्या अधिकाऱ्याने देखभालीचं वेगळं कलम करारात घालायचा प्रस्ताव पुन्हा पाठवलाय. यंदा पन्हळ मामांच्या मुलाने साफ केली. मजुरी मी दिली आणि पावती फाइलला लावून ठेवली आहे.