सव्वापाच रत्ती

एप्रिलातली दुपार, साडेतीनचा सुमार. या वेळी आमच्या सोलापूरच्या सराफ बाजारात चिटपाखरू नसतं, दुकानदारसुद्धा शटर अर्धं ओढून आडवे झालेले असतात. माझी खोली पहिल्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. टेबलफॅन तोंडाकडे वळवून बसलो होतो, तेवढ्यात तीन माणसं भांडतच जिना चढून आली.

पुढे तिशीचा मुलगा. त्याच्या मागे वडील, आप्पा, अक्कलकोट रोडला उभा जन्म यंत्रमागावर काढलेले, पांढरा सदरा, टोपी. सगळ्यात मागे खालच्या बोळातला बंगाली कारागीर, घामानं निथळत.

मुलानं अंगठी टेबलावर ठेवली, ठेवली कसली, आदळलीच. "बघा ओ साहेब, खडा बदललाय यानं. परवा दिला तेव्हा लालभडक होता. किंमत काढून लेखी द्या, पोलिसात जाणार आहे मी."

आप्पांची बोटं सांध्यांमुळे सुजलेली, अंगठी अडकायला लागली म्हणून मोठी करायला दिली होती. कारागिरानं पट्टी कापून तुकडा घातला, ज्योतीनं डाग देऊन सांधा जोडला, तेजाबात बुडवून साफ केली. बाहेर काढली तर माणकावर पांढऱ्या रेघांचं जाळं! जणू कोळ्यानं आत घर केलंय. "दादा, मैंने कुछ नहीं बदला," एवढंच तो घोकत होता.

माझं काम किंमत सांगायचं. पण इथं आधी ठरवायचं होतं की हा खडा तोच आहे का.

नख्या उचलून खडा मोकळा केला आणि काट्यावर ठेवला. 4.71 कॅरेट. बिलात सोन्याचं वजन, घडणावळ आणि खाली एक ओळ : 'माणिक 5.25 रत्ती, 38,000'. ज्योतिषी नेहमी सव्वाच सांगतात, सव्वातीन, सव्वापाच, आणि गिऱ्हाईकही तेवढंच लक्षात ठेवतं. खड्यांच्या बाजारातली पक्की रत्ती म्हणजे साधारण 0.91 कॅरेट, म्हणजे खडा 4.78 भरायला हवा. वजन कमी आहे म्हटल्यावर मुलगा उसळला. मी म्हटलं, "थांबा. कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम. कमी आहे ते 14 मिलिग्रॅम. तांदळाचा दाणासुद्धा याहून जड असतो. खड्याबरोबर कार्ड दिलं होतं का?"

आप्पांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत सिद्धेश्वराचा फोटो आणि त्याला चिकटलेलं लॅबचं कार्ड. लांबी-रुंदी 11.0 बाय 8.9 मिलिमीटर, वजन 4.78. कॅलिपर लावला, माप जुळलं. मग खडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. वरच्या भागातल्या चिरा उघड्या पडून पांढऱ्या झाल्या होत्या, पण खोल आत मामला जसाच्या तसा होता : चिरांमध्ये चपटे बुडबुडे, आणि खडा जरा तिरका केला की लालातून निळी झळक. माणिक स्वतः अशी झळक देत नाही. ती चिरांत भरलेल्या शिशाच्या काचेची.

2004 च्या सुमारास थायलंडमधून असे माणिक बाजारात यायला लागले. मूळ दगड खाणीतलाच, पण इतका तडकलेला की एरवी फेकून द्यावा. त्यात वितळलेली काच भरली की चिरा दिसेनाशा होतात आणि खडा पारदर्शक, लाल होतो. माणिक आच सहन करतं, काच नाही करत. गॅसची ज्योत लागली की ती पाझरते, तेजाब उरलीसुरली खातं. कमी भरलेलं वजन त्या काचेचंच.

"लिंबानंसुद्धा हळूहळू हेच होतं," मी म्हटलं.

"सूनबाई लिंबानंच धुती की," आप्पा म्हणाले.

कार्डाच्या तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात एक ओळ होती. मी कार्ड मुलापुढे सरकवलं. तो इंजिनिअर. मोठ्यानं वाचायला लागला आणि निम्म्यात थांबला.

"काय लिहिलंय रे?" आप्पांनी विचारलं. मुलगा बोलेना. शेवटी मीच सांगितलं.

कार्ड खोटं नव्हतं, हीच यातली चीड आणणारी गोष्ट. लॅबनं काच लिहिली होती. विकणाऱ्यानं बिलावर तेवढा शब्द गाळला आणि नुसतं 'माणिक' लिहिलं. आणि कारागिराला मी त्यांच्यासमोरच झापलं, खडा बसलेला असताना ज्योत लावायचीच कशाला? काढून ठेवायचा, नाहीतर विचारायचं. पण चोर तो नव्हता. बदलायचाच असता तर चकचकीत काच बसवली असती, जळका खडा नाही.

राहिली किंमत. असा खडा चांगल्या अवस्थेत कॅरेटला तीनशे धरला तरी साडेचौदाशेच्या वर जात नव्हता. आज शून्य. "निदान 38,000 तरी लिहा," मुलगा आवाज खाली आणून म्हणाला, "दुकानदाराला दाखवायला." मी दोन वेगळे रकाने केले. एकात 'बिलात नमूद रक्कम 38,000', दुसऱ्यात 'नुकसानीपूर्वीचं बाजारमूल्य सुमारे 1,400', आणि खाली काच भरल्याचा शेरा, कार्डाच्या क्रमांकासह. भांडायला हे कागद त्यांना त्या 38,000 पेक्षा जास्त उपयोगी पडणार होते. माझी फी 1,500. खड्यापेक्षा महाग! निम्मी घेतली.

उठता उठता आप्पांनी विचारलं, "पण रवी ग्रहाला हा चालंल का ओ?"

"आप्पा, ते माझ्या काट्यावर येत नाही."

त्यांनी खडा कागदाच्या पुडीत बांधला, सिद्धेश्वराच्या फोटोमागे ठेवला आणि मुलाच्या खांद्यावर हात टाकून सावकाश जिना उतरले. कारागीर मागे राहिला. सूक्ष्मदर्शकातून ते बुडबुडे त्यालाही पाहायचे होते. बराच वेळ डोळा लावून बसला.

तेव्हापासून लाल खडा हाती आला की ज्योत पेटवायच्या आधी तो जिना चढून येतो. गेल्या आठवड्यात नथीतला प्लास्टिकचा खडा घेऊन आला होता.