तुम्ही विचारलंत म्हणून: मिक्स किती आवाजावर करता?

मी गाण्यांचं मिक्सिंग करतो, म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि गाणाऱ्याचा आवाज यांचा तोल साधून एक गाणं करतो. शिकायला येणारी मुलं विचारतात, गायक विचारतात, माझ्याहून जुने इंजिनियरसुद्धा विचारतात: "स्पीकर किती डेसिबलवर ठेवून मिक्स करता?" आकडा सांगितला की लोक लिहून घेतात आणि महिन्याभराने कळवतात की त्या आकड्यावर काही जमत नाही. आकडा सांगायचं टाळलं की मी काहीतरी लपवतोय असं वाटतं. एकदा सगळंच सांगून टाकतो.

आकडा हवा असेल तर हा घ्या. माझी खोली लहान आहे. मी बसतो तिथे, कानाच्या उंचीवर एसपीएल मीटर (आवाजाची पातळी मोजायचं यंत्र) धरायचा, सी वेटिंग (खालचे सूरही जवळपास पूर्ण मोजणारं सेटिंग), स्लो (आकडा सावकाश बदलणारं). एकाच स्पीकरमधून उणे २० डीबी पातळीचा, म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या २० डेसिबल खालचा, पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग खळखळाट) सोडायचा. मीटरवर ७६ आलं की आवाजाचा नॉब थांबवायचा. तिथे मी पांढऱ्या रंगाची बारीक खूण केली आहे. ८५ हा आकडा तुम्ही ऐकला असेल, पण तो सिनेमाच्या मोठ्या मिक्सिंग थिएटरचा. तो उचलून छोट्या खोलीत आणला, जिथे स्पीकर हाताच्या अंतरावर आणि भिंती पाठीला लागलेल्या, की तासाभरात डोकं दुखायला लागतं. आणि खरं सांगायचं तर अर्धा दिवस मी त्या खुणेच्याही खालीच असतो. शेजारी बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे, इतका खाली.

"पण मग गाणं अंगावर कसं येणार?" हा पुढचा प्रश्न. तो मला कोणी विचारला की मी चिडतो, कारण पंधरा वर्षांपूर्वी तो मीच सगळ्यांना विचारायचो.

मला तेव्हा माहीत नव्हतं असं अजिबात नाही. फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ साली बेल लॅबमध्ये काढलेले ते वक्र, म्हणजे कोणता सूर कानाला सारखाच मोठा वाटायला किती डेसिबल लागतात ते दाखवणारे आलेख, मला तोंडपाठ होते. हजार हर्ट्झचा सूर ४० डेसिबलवर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटायला शंभर हर्ट्झच्या सुराला आजच्या प्रमाण वक्रांप्रमाणे साधारण ६४ लागतात. तोच हजारचा सूर ८० वर नेला तर शंभरला ९२ च्या आसपास पुरतात. आधी २४ चा फरक होता, तो १२ वर आला. म्हणजे नॉब वर गेला की बेस आपोआप भरतो, कुणी काही न करता. हे मी दुसऱ्यांना फळ्यावर काढून दाखवायचो आणि स्वतःच्या खुर्चीत बसलो की विसरायचो. स्वतःच्या कानाला कोणताच नियम लागू नाही असं वाटण्याचं ते वय होतं.

आता ती गोष्ट. ती सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

एक गायिका, माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या. मी त्यांना ताई म्हणतो. शेवटचं गाणं राहिलं होतं, संथ, गिटार, बेस, ब्रशने वाजवलेले ड्रम्स, व्हायोलिन आणि त्यांचा आवाज. मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम प्रत, रात्री जायचा होता. सकाळी दहाला बसलो तेव्हा नॉब बेताचा होता. व्होकल थोडा वर घेतला, गिटार मागे पडली म्हणून ती घेतली, मग सगळंच मिळमिळीत वाटलं म्हणून नॉब घेतला. निर्माते आले, म्हणाले, "जरा वाढव." वाढवला. जेवून आलो, परत वाढवला. कुणीही एका वेळी फार वाढवत नाही, म्हणूनच ते लक्षात येत नाही. नंतर मी तो नॉब त्याच जागी ठेवून, तेच गाणं लावून, मीटर ए वेटिंगवर (कानासारखे खालचे सूर कमी मोजणारं सेटिंग) टाकून मोजलं: ९७. कानाच्या सुरक्षिततेचा अमेरिकन नायोश संस्थेचा हिशेब असा आहे की ८५ वर आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९७ ला अर्धा तास मिळतो. आम्ही तिथे चार तास तरी होतो.

संध्याकाळी सातच्या सुमारास ताई मागच्या सोफ्यावरून म्हणाल्या, "अरे, माझा आवाज टोचतोय का रे?"

मी मागे वळूनही पाहिलं नाही. "ताई, मोठ्या आवाजात तसं वाटतं. बाहेर बरोबर लागेल."

टोचत होता. त्या दिवसभरात मी त्यांच्या आवाजात पाच हजार हर्ट्झच्या वरचा भाग तीन हप्त्यांत वाढवला होता: आधी दीड डीबी, मग आणखी दीड, मग दोन. इतक्या माऱ्यानंतर कान काही तासांसाठी बधिर होतो, आणि आधी बधिर होतो तो वरच्याच पट्ट्यात. मला आवाज झाकोळलेला वाटत होता, मी तो उजळत होतो. बेस मात्र भरपूर वाटत होता, म्हणून तो कमी करत होतो. ताईंचे कान शाबूत होते, कारण त्या मधूनमधून उठून बाहेर जात होत्या.

रात्री एकला मास्टर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना अगदी हळू आवाजात तेच गाणं लावलं. प्रत्येक "स" आणि "श" शब्दाच्या आधी येऊन उभा राहत होता, आणि बेस गायबच होता. मी बंद केलं. फोन करून मास्टर थांबवता आला असता. केला नाही. तारीख होती, निर्माते चिडले असते, "ऐकणाऱ्याला कुठे कळतं," असंही मनाला सांगितलं.

गाणं बाहेर आलं. आठवड्याने ताईंचा फोन. "माझा आवाज असा झालाय का रे आता? पातळ, खरखरीत. मला कुणी सांगितलंच नाही." मी म्हणालो, "नाही हो ताई, छान आलंय." यापुढे मी काही बोललो नाही. त्यांनी पुढच्या गाण्याची पट्टी काळी पाचवरून काळी चारवर आणली. वरच्या ओळी एका नव्या मुलीला दिल्या. माझ्या नॉबमुळे.

दीड वर्षाने मी ताईंना बोलावून घेतलं आणि दोन्ही मिक्स ऐकवले, जुना आणि नव्याने केलेला. दोघांची पातळी आधी तंतोतंत जुळवली, कारण एक डीबी जास्त असला तरी तोच चांगला वाटतो आणि मला त्या दिवशी जिंकायचं नव्हतं. ताईंनी दोन्ही दोनदा ऐकले. "तेव्हाच का नाही सांगितलंस?" एवढंच विचारलं.

याचा अर्थ मोठा आवाज वाईट असा काढू नका. पन्नास हर्ट्झच्या खाली किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस एकमेकांच्या पायात येतात का, हे हळू आवाजात कळत नाही, कुणी काही सांगो. नाचायच्या गाण्याचा ठोका छातीत बसतो की नाही, तेही नाही. त्यासाठी मी नॉब वर नेतो, दोन मिनिटं ऐकतो, खाली आणतो आणि मगच फेडरला, म्हणजे एकेका वाद्याचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीला, हात लावतो. वर असताना काही बदलायचं नाही. हा नियमही मी मोडतो, नाही म्हणणार नाही.

आणि हळू आवाजाचेही दोष आहेत. एक ड्रमर मित्र म्हणतो की माझे मिक्स अलीकडे फार सभ्य झालेत, गाणारा पुढ्यात बसतो आणि बाकीचे शेजारच्या खोलीत. त्याचं खरं असावं. हळू ऐकताना बेस कमी वाटतो, तो मी भरतो, मग सावध होऊन काढतो, कधी जास्तच काढतो. तेव्हाचा मी समोर आला तर हेच म्हणेल: "बघ, भीतीने मिक्स करतोस." त्याला मी माझा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, दाखवीन. डाव्या कानात चार हजार हर्ट्झला खड्डा आहे. आज आवाजाचा तीक्ष्णपणा ठरवताना मी डावं-उजवं उलटं करून ऐकतो, खात्री पटत नाही तेव्हा शिकणाऱ्या मुलीला विचारतो. पण भीतीचा मुद्दा त्या ऑडिओग्रामने खोडलेला नाही, मीही नाही.

ताई हल्ली पुन्हा येतात. सोफ्यावर बसत नाहीत, माझ्या शेजारी खुर्ची घेतात. परवा त्यांनी नॉब पांढऱ्या खुणेच्या बराच खाली नेला, मला किक ऐकू येईना म्हणून मी वर घेतला, त्यांनी परत खाली नेला. मिक्स तिथेच थांबलाय. गुरुवारी पुन्हा बसणार आहोत.